टीबीच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड कशासाठी? मेंदूतला दाह आणि त्यावर चालणारं जनुकांचं नियंत्रण

पेशीनामा

मीरा_ठाणे यांनी दुसऱ्या धाग्यावर विचारलेला प्रश्न तिथल्या गर्दीत हरवू नये, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. त्यांच्या भाच्याला टीबीचा मेंदूज्वर झालाय. एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स सुरू आहे आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. त्यांचा प्रश्न असा होता की अंगात जंतू असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध का देतात? एका हाताने जंतू मारायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांना मोकळं रान द्यायचं, असं नाही का होत?

प्रश्न अगदी रास्त आहे. मी डॉक्टर नाही. दाहाशी संबंधित जनुकं पेशीत कधी चालू होतात आणि कधी बंद होतात, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. त्यामुळे डोस किंवा उपचार यांबद्दल मी काही लिहिणार नाही, पण या औषधाचं पेशीच्या आत काय चालतं ते मनापासून सांगावंसं वाटतं. हे कळलं की घरच्यांना त्या गोळ्यांची भीती कमी वाटते, असं मी पाहिलं आहे.

आधी आजार. क्षयाचे जंतू फुफ्फुसातून रक्तावाटे मेंदूच्या आवरणांपाशी पोचतात आणि तिथे बारीकशी गाठ करून राहतात. रिच आणि मॅकॉर्डॉक या दोघांनी १९३३ साली शवविच्छेदनांवरून दाखवून दिलं की अशी एखादी गाठ मेंदूभोवतीच्या पाण्यात फुटली की मेंदूज्वर सुरू होतो. पाण्यात उतरलेले जंतू संख्येने थोडे असतात. म्हणून तर पाठीतलं पाणी काढून काचेवर तपासलं तरी अनेकदा एकही जंतू दिसत नाही आणि निदान लांबतं. मोठं नुकसान होतं ते त्या थोड्या जंतूंना शरीराने दिलेल्या उत्तरामुळे. मेंदूच्या तळाशी चिकट, दाट स्राव साचतो. डोळे हलवणाऱ्या नसा त्यात अडकल्या की एकाचे दोन दिसायला लागतात. तिथून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्या की पक्षाघात होतो. पाण्याची वाट बुजली की मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाणी तुंबतं.

आता हे उत्तर देतं कोण? रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशी असतातच, पण मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी आहेत मायक्रोग्लिया. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना वेगळं ओळखलं. या पेशींचं मूळ बाकी रक्तपेशींसारखं अस्थिमज्जेत नसतं. गर्भ अगदी लहान असताना त्या पीतककोशातून निघतात, मेंदूत शिरतात आणि मग तिथेच राहून आपली संख्या राखतात. हे २०१० साली उंदरांमध्ये स्पष्ट झालं. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत लेझर सूक्ष्मदर्शकाने पाहिलं, तर ज्यांना निवांत समजलं जात होतं अशा या पेशींचे फाटे सतत हलत होते आणि आजूबाजूची जागा चाचपत होते. क्षयाचा जंतू मेंदूत मुख्यतः यांच्यातच घुसतो.

मायक्रोग्लियाला जंतू लागला की पुढची गोष्ट केंद्रकात, म्हणजे डीएनएपाशी घडते. टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं पेशी एरवी फारशी बनवत नाही. त्यांची जनुकं जागेवर असतात, पण वाचली जात नाहीत. ती वाचायला लावणाऱ्या प्रथिनांमधलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एनएफ-कॅपा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधलं, तेही मेंदूत नव्हे, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींमध्ये. हे प्रथिन पेशीत आधीपासून तयार असतं. आयकॅपाबी नावाचं दुसरं प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरतं. जंतूच्या कवचाचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला लागला की आत निरोप जातो, आयकॅपाबीवर फॉस्फेटची खूण होते आणि खूण झालेलं आयकॅपाबी पेशी स्वतःच मोडून टाकते. मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जातं, डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसतं आणि शेकडो जनुकांचं वाचन सुरू होतं. या सगळ्याला काही मिनिटं पुरतात.

मला या विषयाचं वेड लागलं ते पुढच्या भागामुळे. एनएफ-कॅपा-बी ज्या जनुकांचं वाचन सुरू करतं, त्यात खुद्द आयकॅपाबीचं जनुकही असतं! नवं आयकॅपाबी तयार होतं, केंद्रकात जातं, एनएफ-कॅपा-बीला डीएनएवरून उचलतं आणि परत बाहेर आणून बसवतं. बाहेरचा निरोप अजून येतच असेल, तर तेही मोडलं जातं आणि चक्र पुन्हा फिरतं. या प्रथिनाला चमकणारी खूण जोडून वाढवलेल्या पेशी पाहिल्या, तर केंद्रक उजळतं, मंदावतं, पुन्हा उजळतं. साधारण १०० मिनिटांच्या लयीत हे चालू राहतं. शिवाय ए२० नावाचं आणखी एक प्रथिन याच वाचनातून तयार होतं आणि निरोप जिथून निघतो तिथेच तो तोडतं. उंदरांच्या मायक्रोग्लियातून फक्त ए२० चं जनुक काढलं, तर जंतू नसतानाही त्या पेशी भडकलेल्या राहतात. हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

म्हणजे दाह आपोआप ओसरत नाही, तो ओसरवावा लागतो. त्यासाठी वेगळी जनुकं आहेत आणि तीही वाचावी लागतात. डेक्सामेथासोन नेमकं इथे काम करतं. ते पेशीचा पडदा ओलांडून आत जातं, आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. तिथे त्यांची कामं दोन: एनएफ-कॅपा-बीने सुरू केलेलं वाचन दाबायचं आणि दाह शमवणाऱ्या जनुकांचं वाचन वाढवायचं. क्षयाच्या जंतूंना ते मारत नाही, ते काम एकेटीचंच. एकेटीला जंतू मारायला महिने लागतात. तेवढ्या काळात मेंदूच्या तळाशी काय काय बंद पडेल, त्याला आवर घालायला स्टिरॉइड.

मीरा_ठाणे

पेशीनामा, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ताईला फोनवर वाचून दाखवलं. "आधी कुणी सांगितलं असतं तर" एवढंच म्हणाली ती.

भाच्याचं आधी सायनस म्हणून चाललं होतं. डोकं दुखायचं, संध्याकाळी कसकस, जेवण तुटलं. मग एक दिवस म्हणाला, मावशी, जिन्याच्या पायऱ्या दोन दोन दिसतायत. तिथून पुढे ॲडमिट, एमआरआय, पाठीतलं पाणी, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी. घरी आल्यावर गोळ्यांनी चेहरा सुजायला लागला, रात्रभर झोप नाही, सारखी भूक. नातेवाइकांपैकी कुणी तरी म्हणालं स्टिरॉइड फार वाईट, कोविडमध्ये बघितलं ना. झालं, ताईने मनानेच बंद केल्या. एकेटी चालूच होती. थोड्याच दिवसांत डोकेदुखी, उलट्या, पुन्हा ॲडमिट.

माझा प्रश्न एवढाच आहे की एकदम बंद केल्याने इतकं का बिघडलं? औषधाचा असर इतका लगेच जातो?

शुश्रूषा

मीराताई, भाच्याचं वाचलं. मी न्यूरोलॉजीत काम करतो, असे पेशंट नेहमी बघतो. गोळ्या घरी बंद करणं फार वेळा घडतं आणि त्यात घरच्यांपेक्षा आमचा दोष जास्त आहे. डिस्चार्जच्या कागदावर "कमी करत जा" एवढं लिहून आम्ही मोकळे होतो.

एकदम बंद केल्याने दोन गोष्टी होतात. एक पेशीनामा यांनी लिहिली तीच: मेंदूतला दाह अजून संपलेला नसतो, वरचा दाब गेला की तो उसळतो. दुसरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींची. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की मेंदू या ग्रंथींना जागं ठेवणारं संप्रेरक बनवणं थांबवतो. आठवड्यांनी त्या सुस्तावतात. अचानक बंद केलं, तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. रक्तदाब पडणं, उलट्या, गळून जाणं हे यातूनही होतं. म्हणून टीबीएममध्ये, म्हणजे टीबीच्या मेंदूज्वरात डोस सहा ते आठ आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात.

स्टिरॉइडने खरंच जीव वाचतो का, याचं उत्तरही आहे. व्हिएतनाममध्ये १४ वर्षांवरच्या ५४५ रुग्णांवर चाचणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा डेक्सामेथासोन मिळालेल्यांत ३१.८ टक्के मृत्यू झाले होते आणि न मिळालेल्यांत ४१.३ टक्के. वाचलेल्यांमधलं अपंगत्व मात्र त्याने लक्षणीय कमी झालं नाही, हेही सांगायला हवं.

कोविडबद्दल: तिथेही ऑक्सिजन लागणाऱ्यांना डेक्सामेथासोनचा फायदा झाला, न लागणाऱ्यांना नाही. २०२१ मध्ये आपल्याकडे काळ्या बुरशीचे जे हाल पाहिले, त्यात अनियंत्रित मधुमेह आणि गरज नसताना, जास्त दिवस दिलेलं स्टिरॉइड यांचा मोठा वाटा होता. टीबीएममध्येही साखर नियमित बघायची ती म्हणूनच.

आणि एक, जे घरच्यांना कुणी सांगत नाही. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृतातल्या एका ग्राहकाला चिकटून औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक जोरात चालू करतं. त्यामुळे डेक्सामेथासोन लवकर मोडलं जातं. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर जातो तोही त्यामुळेच. एकेटी चालू असलेल्या घरात आणखी कुठलीही गोळी सुरू असेल, तर ती डॉक्टरांना दाखवाच.

कृष्णाकाठ

मी शेतकरी माणूस, जनुकातलं फार कळत नाही, पण हे वाचताना दारं धरायची आठवण आली. उसाला पाणी सोडताना एका सरीचं दार मोडायचं, पाणी पोचलं की मातीने लिंपायचं आणि पुढचं मोडायचं. दार मोडणं सोपं, पोरगंही मोडतं. वेळेवर लिंपणं हे खरं काम. नाही लिंपलं तर सरी फुटते आणि मुळ्या कुजतात. तुमचं ते आयकॅपाबी म्हणजे लिंपणारा गडी दिसतोय.

आता शंका. कुणाला पाणी जास्त लागतं, कुणाला कमी, जमिनीप्रमाणे. तसं माणसामाणसात नसेल का? सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

पेशीनामा

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत त्याच प्रश्नाभोवती या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम झालं आहे, आणि ते टीबीएमवरच झालं आहे. जरा ऐसपैस लिहिते.

सुरुवात झेब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या माशापासून. त्याची पिल्लं पारदर्शक असतात. क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम मरिनम त्यांना लावला, की पिल्लाच्या शरीरात भक्षक पेशी जंतूंना गिळताना, गाठ बनवताना सरळ दिसतात. डेव्हिड टोबिन, ललिता रामकृष्णन आणि सहकाऱ्यांना काही पिल्लं या जंतूपुढे फार लवकर हार मानताना आढळली. त्यांच्यात दोष एलटीए४एच या जनुकात होता. हे जनुक एक एन्झाइम बनवतं आणि त्या एन्झाइममुळे एलटीबी४ हा दाह वाढवणारा स्निग्ध रेणू तयार होतो. एन्झाइम कमी पडलं की कच्चा माल दाह शमवणाऱ्या लिपॉक्सिनकडे वळतो, टीएनएफ कमी बनतं आणि भक्षक पेशी जंतूंना आवरू शकत नाहीत. २०१० चं काम हे.

मग उलट करून पाहिलं. एन्झाइम जास्त झालं तर? पिल्लं जास्त तगडी व्हायला हवीत. पण तीही तशीच हरली. टीएनएफ अती झालं की भक्षक पेशीच्या मायटोकाँड्रियात घातक ऑक्सिजन रेणू वाढतात. आधी जंतू मरतात, पण मग पेशीच फुटते. आतले उरलेले जंतू बाहेर पडतात आणि बाहेर तर ते आणखी जोमाने वाढतात. कमी दाहानेही जंतू जिंकला आणि जास्त दाहानेही.

आता माणूस. आपल्या एलटीए४एच जनुकाच्या सुरुवातीला, प्रथिनाची कृती जिथे लिहिलेली असते त्याच्या आधीच्या पट्ट्यात, एका जागी काहींना सी हे अक्षर असतं आणि काहींना टी. प्रथिन दोघांचं हुबेहूब तेच. फरक एवढाच की टी असेल तर जनुक जास्त वाचलं जातं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती, म्हणून माणसांचे तीन गट: सीसी, सीटी आणि टीटी. २०१२ मध्ये व्हिएतनामच्या टीबीएम रुग्णांचं हे अक्षर तपासलं. टीटी लोकांच्या मेंदूपाण्यात पांढऱ्या पेशी जास्त होत्या, म्हणजे दाह जास्त. डेक्सामेथासोनचा फायदा मुख्यतः त्यांनाच झालेला दिसला. ज्यांच्यात जनुक कमी वाचलं जातं त्या सीसी लोकांना तो दिसला नाही.

एका अक्षराने प्रथिनात काडीचा बदल होत नाही, फक्त ते किती बनावं हे बदलतं, आणि तेवढ्यावरून मेंदूतला दाह किती आणि औषध कुणाला लागू पडणार हे ठरू शकतं. जनुकांचं नियंत्रण म्हणजे काय हे शिकवताना मी दरवेळी हेच उदाहरण घेते.

सयाजीबाग

ललिता रामकृष्णन यांचं वैद्यकीय शिक्षण आमच्या बडोद्याचं! नोबेल मिळालेले वेंकी रामकृष्णन त्यांचे भाऊ. इथल्या मराठी घरांमध्ये भावाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीने टीबीवर एवढं मोठं काम केलंय, हे आजच कळलं. मुलीला वाचायला दिलं आहे, ती बारावीला आहे आणि मासे वगैरे वाचून फारच उत्सुक झाली आहे.

औदुंबर

लेख चांगला आहे, पण थोडं थांबू या. एका देशातल्या, फार मोठ्या नसलेल्या गटावरून एवढा निष्कर्ष? असे जनुकीय संबंध पुढे टिकत नाहीत हा नेहमीचा अनुभव आहे. हे इतरत्र दिसलं का? आणि दिसलं असेल, तर आपल्याकडे डॉक्टर जनुक तपासून स्टिरॉइड का देत नाहीत? मीराताईंसारखे लोक हे वाचून उद्या तपासणी शोधत फिरतील.

पेशीनामा

औदुंबर, हे विचारायलाच हवं होतं. इंडोनेशियातल्या टीबीएम रुग्णांवर २०१७ मध्ये अभ्यास झाला, त्यात जगण्याशी या अक्षराचा संबंध आढळला नाही. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये मोठ्या गटावर पुन्हा पाहिलं. तिथे सगळ्यांना डेक्सामेथासोन मिळालं होतं आणि एचआयव्ही नसलेल्या टीटी रुग्णांचं जगण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. एचआयव्ही असलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अशा ५२० टीबीएम रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात डेक्सामेथासोनचा स्पष्ट फायदा दिसला नाही.

एलटीए४एच हे दाहाच्या शेकडो बटणांपैकी एक. आजार कितव्या टप्प्यावर पकडला, एचआयव्ही आहे का, वय किती, यांचं वजन त्याच्यापेक्षा जास्त भरू शकतं. जनुक बघून स्टिरॉइड द्यायचं की नाही हे ठरवणं रोजच्या उपचारात आलेलं नाही. तेव्हा मीरा, या धाग्यावरून कुठलीही तपासणी करून घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बदलू नका. मला यातून जे मोलाचं वाटतं ते टिकून आहे: मेंदूज्वरात अपुरा दाह आणि अती दाह हे दोन वेगळे धोके आहेत, आणि दोघांचा उपचार एकच असेल असं गृहीत धरता येत नाही.

पाऊलखुणा

हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कॅपा-बीला रोखतं असं खूप ठिकाणी वाचलंय. आजी दुधात हळद देतेच. मग स्टिरॉइडऐवजी किंवा सोबत हळदीचा अर्क का नको?

शुश्रूषा

प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की एनएफ-कॅपा-बी रोखलं जातं, हे खरं आहे. १९९५ पासून माहीत आहे. अडचण अशी की तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि जे जातं ते यकृत पटकन निकामी करून टाकतं. मेंदूपर्यंत पोचायला उरतं किती? अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे देऊन पाहिलं होतं, फायदा दिसला नाही. हळदीचं दूध खुशाल प्या. पण एकेटी चालू असताना अर्काच्या कॅप्सूल अजिबात नको. एकेटीचा यकृतावर आधीच ताण असतो आणि कावीळ झाली तर सगळी औषधं थांबवावी लागतात. टीबीएममध्ये तो खंड फार महाग पडतो.

दूरदेशी

लंडनहून वाचते आहे. माझ्या आईला अल्झायमर आहे, ती नाशिकला भावाकडे असते. इथल्या एका व्याख्यानात ऐकलं की अल्झायमरचा धोका वाढवणारे जनुकीय फरक पुष्कळसे चेतापेशींत नाही, तर मायक्रोग्लियात काम करतात. ते याच नियंत्रणाबद्दल आहे का? आणि जंतू नसताना हा दाह कुठून येतो?

पेशीनामा

दूरदेशी, आईपासून लांब असताना हे वाचणं सोपं नसेल. तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे.

जनुकाचं वाचन वाढवणारे पट्टे त्याच्यापासून बरेच दूरही असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. कुठला पट्टा कुठल्या पेशीत उघडा असेल, हे पेशीगणिक बदलतं. २०१९ मध्ये मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशींचे असे नकाशे केले, तेव्हा अल्झायमरशी निगडित फरक प्रामुख्याने मायक्रोग्लियाच्या एन्हान्सरांमध्ये सापडले. बीआयएन१ या जनुकाजवळचा एक पट्टा त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींतून कापून काढला. मायक्रोग्लियात बीआयएन१ जवळजवळ बंद पडलं आणि चेतापेशींमध्ये ते तसंच चालू राहिलं. पीयू.१ हे मायक्रोग्लियाला मायक्रोग्लिया बनवणारं नियंत्रक प्रथिन. ज्यांच्यात ते जन्मतःच जरा कमी बनतं, त्यांना अल्झायमर उशिरा होतो असं २०१७ मध्ये आढळलं.

जंतू नसताना दाह कुठून, याची उत्तरं अनेक आहेत. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन हे एक कारण. दुसरं म्हणजे आवरणाऱ्या जनुकांचं वयाबरोबर ढिलं पडणं. मेफ२सी हे मायक्रोग्लियाला काबूत ठेवणारं नियंत्रक वयस्क उंदरांच्या मेंदूत कमी होत जातं. सॉल१ हे आणखी एक. ते काढलं की मायक्रोग्लिया आपली ओळख विसरून दाह करणाऱ्या पेशी बनतात. ही ओळख किती नाजूक आहे ते मी स्वतः पाहते: मेंदूतून काढून बशीत ठेवल्या की काही तासांत या पेशींची हजारो जनुकं वेगळी वाचली जायला लागतात. आजूबाजूच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखे निरोप सतत येत राहिले, तरच त्या शांत राहतात.

आणि ही स्थिती लक्षातही राहते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा होतात आणि त्या टिकतात. उंदराच्या पोटात जिवाणूंच्या कवचाचा अंश टोचला होता, तर सहा महिन्यांनीही त्याच्या मायक्रोग्लियाचं वागणं बदललेलं दिसलं. एकदा टोचलं तर त्या जास्त भडकू होतात, लागोपाठ चार दिवस टोचलं तर उलट थंड. माणसाच्या मायक्रोग्लियाचं सरासरी वय चार वर्षांच्या आसपास निघालं आहे, त्यामुळे अशा खुणांना टिकायला वेळ भरपूर मिळतो. बाळांना देतो ती बीसीजीची लसही रक्तातल्या पेशींवर अशाच खुणा करते. लहान मुलांना टीबीएमपासून ती चांगलं संरक्षण देते, म्हणून ती चुकवू नये.

आईसाठी यातून आज हातात काही औषध नाही. दाह सरसकट दाबून अल्झायमर थांबत नाही, वेदनाशामक गोळ्यांच्या आणि प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या चाचण्या अपयशी ठरल्या. मायक्रोग्लिया कचरा उचलतात, तेही बंद करून चालत नाही. आता प्रयत्न आहे तो त्यांना नेमकं कुठलं जनुक वाचायला लावायचं हे शोधण्याचा.

मीरा_ठाणे

सगळ्यांचे आभार. आज भाच्याच्या नव्या एमआरआयचा रिपोर्ट आला. तो चांगला खातो-पितो, दोन दिसणं गेलं, चालतो. पण रिपोर्टमध्ये गाठी आधीपेक्षा मोठ्या झाल्यात आणि एक नवीन आहे म्हणे. ताई हातपाय गाळून बसली आहे. एकेटी लागू पडत नाहीये का?

शुश्रूषा

मीराताई, रिपोर्ट आणि पेशंट यांत फरक असेल तर आधी पेशंटकडे बघायचं. तो सुधारतो आहे, ही मोठी गोष्ट. औषध लागू पडत असतानाच गाठी वाढणं मेंदूच्या टीबीत चांगलंच परिचित आहे, पहिल्या काही महिन्यांत विशेषतः. याचा अर्थ लगेच औषध फसलं असा होत नाही.

पण गृहीतही धरायचं नाही. उद्या फाइल घेऊन गेल्यावर एवढं विचारा: सीबीनॅटमध्ये रिफाम्पिसिनला प्रतिरोध नव्हता ना, एकेटीतल्याच आयसोनियाझिडचा प्रतिरोध तपासला होता का, गोळ्यांचा डोस आताच्या वजनाप्रमाणे आहे का, मध्ये स्टिरॉइड तुटलं होतं हे त्यांना माहीत आहे का, आणि उतरवण्याचा वेग बदलायचा का. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या गाठींना काही वेळा थॅलिडोमाइड देतात. ते मोठ्या केंद्रातच, काटेकोर देखरेखीखाली. गर्भाला ते अत्यंत घातक असल्यामुळे भाच्याला तसं काही दिलंच, तर गर्भधारणेबाबतच्या सूचना तंतोतंत पाळायच्या.

पेशीनामा

शुश्रूषा यांनी सांगितलेल्या गाठींमागेही तीच यंत्रणा आहे. एकेटीने जंतू मेला तरी त्याच्या कवचातले मेणकट रेणू लगेच नाहीसे होत नाहीत. मायक्रोग्लियाचे ग्राहक जिवंत जंतू आणि मेलेल्या जंतूचा तुकडा असा भेद करत नाहीत. तुकडा लागला की आयकॅपाबी मोडतं आणि टीएनएफचं वाचन सुरू होतं. त्यात स्टिरॉइड मध्येच तुटलं तर त्याला आवरणारं काही उरत नाही.

थॅलिडोमाइड आणखी एका वेगळ्या पायरीवर काम करतं. जनुक वाचून झाल्यावर जो आरएनए बनतो, त्यावरून प्रथिन तयार होतं. टीएनएफचा आरएनए मुळातच अल्पायुषी असतो, कारण त्याच्या शेपटाला असलेला अक्षरांचा एक पट्टा "मला लवकर मोडा" असा इशारा देतो. थॅलिडोमाइडने तो आरएनए आणखी लवकर मोडला जातो, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जनुक चालूच राहतं, पण प्रथिन बनायच्या आत निरोप पुसला जातो. मीरा, उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा. रिपोर्टमधला एखादा शब्द अडला तर तोही विचारा.